वाहणे आणि अडणे : रक्ताचे प्रवाहविज्ञान

१. खचलेला घाट

काशीच्या मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे १८२७ साली निवर्तल्यावर राज्याची सूत्रे त्यांच्या पत्नी बायजाबाई यांच्या हाती आली. कागलच्या घाटगे घराण्यातील या कर्तृत्ववान स्त्रीने १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. बांधकाम भव्य होते आणि दगड जड होता. परंतु नदीकाठच्या ओल्या गाळाला तो भार पेलवला नाही व घाट खचला. त्याच्या पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिरही एका बाजूस कलले असून ते आज तशाच कललेल्या स्थितीत उभे आहे. पावसाळ्यात गंगा चढली म्हणजे त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो.

पायाखालची माती घन आहे, तिच्यावरून माणसे चालतात, दगड रचता येतो, हा सर्वांचा अनुभव आहे. मग त्याच मातीत एवढे बांधकाम रुतावे कसे? याचे उत्तर असे की, ओली चिकणमाती काही मर्यादेपर्यंतच घनासारखी वागते. तिच्यावरील भार त्या मर्यादेच्या आत असेल, तर ती स्थिर राहते. भार मर्यादेबाहेर गेला की ती सरकू लागते. हे सरकणे पाण्यासारखे झरझर होत नाही. त्याला दिवस, महिने किंवा वर्षेही लागतात. तरीही ते एक प्रकारचे वाहणेच होय. वाहणे हा केवळ पाण्याचा धर्म नाही. कोणताही पदार्थ वाहील की नाही, हे ठरविताना दोन प्रश्न विचारावे लागतात : त्याच्यावर बळ किती पडत आहे, आणि त्याला वेळ किती मिळत आहे?

हेच दोन प्रश्न मानवी शरीरातील द्रवांना व पेशींना विचारणारे एक शास्त्र आहे. सांध्यातील वंगण, श्वासनलिकेतील कफ आणि शिरांतून फिरणारे रक्त हे त्याचे विषय होत. घाटाखालच्या मातीला जो अवकाश मिळाला तो वर्षांत मोजावा लागतो, तर रक्तपेशीला मिळणारा अवकाश सेकंदाच्या अंशांत मोजावा लागतो. गडचिरोली किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या मुलाच्या हाडांत मध्यरात्री असह्य कळा उठतात, तेव्हा त्याच्या रक्तातील काही पेशींना त्या एका सेकंदाची मर्यादा पाळता आलेली नसते. ते कसे घडते, हे समजण्यासाठी प्रथम प्रवाहाचे साधे नियम पाहिले पाहिजेत.

२. श्यानता

शिंदे घाटावरून दशाश्वमेध घाटाकडे जाणारा नावाडी प्रवाहाच्या उलट दिशेने वल्हवीत असतो, कारण काशीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. असा नावाडी आपली नाव काठाच्या आश्रयाने नेतो. परतताना मात्र तो ती मधल्या धारेत घालतो. काठाजवळ पाण्याचा वेग कमी आणि मध्यभागी अधिक असतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. काठाला अगदी चिकटलेला पाण्याचा थर जवळजवळ स्थिर असतो. त्याच्या शेजारचा थर किंचित सरकतो. त्यापलीकडचा आणखी वेगाने जातो. प्रत्येक थर आपल्या शेजारच्या वेगवान थराला मागे ओढीत असतो. थरांमधील या अंतर्गत घर्षणास श्यानता असे म्हणतात.

पाण्याची श्यानता अल्प, गोडेतेलाची त्याहून पुष्कळ अधिक आणि काकवीची फारच अधिक असते. श्यानतेचा नियम न्यूटनने १६८७ साली आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडला. थरांमधील वेगाचा फरक दुप्पट करावयाचा असेल, तर लागणारे बळही दुप्पट झाले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. पाणी व तेल हे नियम काटेकोरपणे पाळतात. अशा द्रवांना न्यूटनी द्रव म्हणतात.

स्वयंपाकघरातील सर्वच पदार्थ मात्र इतके सरळ नसतात. नीट विरजलेल्या दह्याचे पातेले किंचित कलते केले, तरी दही जागचे हलत नाही. तेच दही रवीने घुसळले की ते पातळ होऊन ओघळते. वस्तुतः त्यात पाण्याचा एक थेंबही मिसळलेला नसतो. घुसळण्याने दुधातील प्रथिनांचे जाळे तुटते, एवढाच फरक होतो. तिंबलेल्या कणकेची गोष्ट आणखी मौजेची आहे. कणकेचा गोळा बोटाने दाबून लगेच सोडला, तर खळगा थोडासा परत भरून येतो. म्हणजे कणीक रबरासारखी वागते. तोच गोळा ताटात रात्रभर ठेवला, तर सकाळी तो पसरलेला दिसतो. म्हणजे कणीक द्रवासारखी वागते. पदार्थ तोच, बळही अल्पच. बदलला तो केवळ वेळ.

३. नव्या शास्त्राचा जन्म

अशा ‘ना धड घन, ना धड द्रव’ पदार्थांकडे अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ युजीन बिंगहॅम यांचे लक्ष गेले. चिकणमाती पाण्यात कालवून ती बारीक नळीतून दाबाने जाऊ दिली असता, दाब एका मर्यादेपलीकडे गेल्याखेरीज ती नीट वाहत नाही, हे त्यांनी १९१६ साली दाखवून दिले. पुढे रंगांच्या अभ्यासातही त्यांना हेच आढळले. भिंतीवर लावलेला चांगला रंग स्वतःच्या वजनाने ओघळत नाही, परंतु कुंचल्याच्या दाबाने मात्र सहज पसरतो. मार्कुस राइनर हे बांधकामाचे अभियंते १९२८ मध्ये पॅलेस्टाइनमधून बिंगहॅम यांच्याबरोबर काम करण्यासाठी आले. एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक बांधकाम अभियंता एकाच प्रश्नाशी झगडत आहेत, तेव्हा या विषयाची स्वतंत्र शाखा हवी, असे त्यांना वाटले. तिला त्यांनी ‘रिऑलॉजी’ हे नाव दिले. मराठीत तिला प्रवाहविज्ञान म्हणता येईल. १९२९ मध्ये या शास्त्राची संस्था स्थापन झाली. सजीवांच्या द्रवांचा व पेशींचा अभ्यास करणाऱ्या शाखेस ‘बायोरिऑलॉजी’, म्हणजे जीवप्रवाहविज्ञान, हे नाव ए. एल. कॉप्ली यांनी १९४८ साली सुचविले.

राइनर यांनी १९६४ मध्ये वेळेच्या प्रश्नाला गणिताचे रूप दिले. प्रत्येक पदार्थाला आपली अंतर्गत रचना बदलून घेण्यासाठी काही अवधी लागतो. हा पदार्थाचा स्वतःचा काळ होय. दुसरा काळ म्हणजे प्रत्यक्ष घटनेला लागणारा किंवा निरीक्षकाला मिळणारा अवधी. पहिल्या काळाला दुसऱ्याने भागले म्हणजे जी संख्या येते, तिला राइनर यांनी ‘डेबोरा अंक’ म्हटले. ज्यू धर्मग्रंथातील डेबोरा या स्त्रीच्या स्तोत्रात पर्वतही वाहतात अशी कल्पना आहे. तीवरून हे नाव आले. अंक लहान असेल तर पदार्थ द्रव भासतो. मोठा असेल तर घन भासतो. मानवी आयुष्यात न हलणारा डोंगर कोट्यवधी वर्षांच्या हिशोबात वाहणारा ठरतो.

शरीराने या तत्त्वाचा मोठ्या खुबीने उपयोग करून घेतला आहे. गुडघ्याच्या सांध्यातील द्रवात हायल्युरॉनिक आम्लाचे लांबलचक रेणू असतात. माणूस सावकाश चालतो, तेव्हा या रेणूंना एकमेकांवरून सरकण्यास सवड मिळते आणि द्रव वंगणाचे काम करतो. माणूस उडी मारतो, तेव्हा तेवढी सवड नसते. मग तोच द्रव क्षणभर रबरासारखा लवचिक होतो आणि धक्का झेलतो. श्वासनलिकेतील कफाचेही असेच आहे. नलिकेच्या अस्तरावरील सूक्ष्म केस दर सेकंदाला दहापंधरा वेळा हलून कफाचा थर घशाकडे सरकवितात. कफ पाण्यासारखा पातळ असता, तर केसांना तो ढकलता आला नसता. फार घट्ट असता, तर हलविता आला नसता.

४. बारीक नळी आणि चौथा घात

रक्ताच्या प्रवाहाचा पहिला काटेकोर नियम एका वैद्याने शोधला. झां लेओनार मारी प्वाझय हे फ्रेंच वैद्य केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे जाणून घेऊ इच्छीत होते. परंतु शरीराबाहेर काढलेले रक्त लवकर गोठते आणि ते गोठू न देणारी औषधे त्या काळी ठाऊक नव्हती. म्हणून त्यांनी केसासारख्या बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून प्रयोग केले व १८४० च्या सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध केले. जर्मन अभियंता हागेन यांनीही स्वतंत्रपणे १८३९ साली तोच नियम शोधला होता. श्यानतेच्या ‘पॉइज’ या एककात प्वाझय यांचे नाव राहिले आहे. २० अंश सेल्सियस तपमानास पाण्याची श्यानता जवळजवळ १ सेंटिपॉइज असते.

नियम असा : दाब व नळीची लांबी तीच ठेवली, तर नळीतून दर सेकंदास वाहणारा द्रव नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा होत नाही, एक-सोळांशावर येतो. त्रिज्या केवळ शेकडा १० ने घटली, तरी प्रवाह सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो. रोहिणीच्या आतील भिंतीवर चरबीचा पातळ थर बसला तरी हृदयावर एवढा ताण का पडतो, याचे कारण या चौथ्या घातात आहे. शरीर या नियमाचा उपयोगही करते. थंडीत कातडीच्या सूक्ष्म रोहिण्या किंचित आकसल्या की तेथील रक्तप्रवाह एकदम घटतो आणि शरीरातील उष्णता आत राखली जाते.

५. रक्त हे पाणी नव्हे

पाण्यावर केलेले प्रयोग रक्ताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. रक्त हा शुद्ध द्रव नाही. त्याच्या आकारमानाचा शेकडा ४० ते ४५ भाग पेशींनी व्यापलेला असतो आणि त्यांपैकी बहुतेक तांबड्या पेशी असतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे पन्नास लाख असतात. उरलेला भाग म्हणजे पिवळसर रक्तद्रव. शरीराच्या तपमानास पाण्याची श्यानता सुमारे ०.७ सेंटिपॉइज, रक्तद्रवाची सुमारे १.२, तर वेगाने वाहणाऱ्या संपूर्ण रक्ताची ३ ते ४ सेंटिपॉइज असते.

‘वेगाने वाहणाऱ्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण रक्त मंद वाहू लागले की त्याची श्यानता कित्येक पटींनी वाढते. मंद प्रवाहात तांबड्या पेशी, रचून ठेवलेल्या नाण्यांच्या चळतीप्रमाणे, एकमेकींना चिकटतात. रक्तद्रवातील फायब्रिनोजेन नावाचे लांबट प्रथिन त्यांना जोडण्यास साहाय्य करते. प्रवाह वेगवान झाला की चळती मोडतात, पेशी सुट्या होतात, प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि रक्त पातळ बनते. हे दह्याच्या घुसळण्यासारखेच आहे. स्थिर रक्ताला हलविण्यासाठी आरंभी थोडेसे किमान बळ लागते, हेही आढळून आले आहे. एन. कॅसन यांनी १९५९ साली छपाईच्या शाईसाठी मांडलेले समीकरण पुढे रक्तालाही चांगले लागू पडले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या चळतींचा उपयोग गावोगावच्या रोगनिदानशाळांतून होत आला आहे. न गोठणारे केलेले रक्त उभ्या नळीत ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, हे मोजतात. स्वीडनचे रॉबिन फोरेउस यांनी १९१८ पासून या अवसादन-वेगाचा पद्धतशीर अभ्यास केला व वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये ती चाचणी सुटसुटीत केली. शरीरात दाह किंवा क्षयासारखा जुनाट संसर्ग असेल, तर फायब्रिनोजेन वाढते, चळती मोठ्या होतात आणि जड चळती लवकर तळाशी जातात. चाचणीने रोगाचे नाव कळत नाही, परंतु काही तरी बिघडले आहे याची सूचना मिळते.

पेशींचे प्रमाण वाढले तरी श्यानता वाढते. डेंग्यूच्या गंभीर अवस्थेत रक्तद्रव वाहिन्यांतून झिरपून बाहेर जातो आणि मागे पेशींची गर्दी होते. म्हणून वैद्य अशा रोग्याच्या रक्तातील पेशींचे प्रमाण वारंवार तपासतात व ते वाढत चालल्यास शिरेवाटे द्रव देतात.

फोरेउस यांनी लिंडक्विस्ट यांच्यासह १९३१ साली आणखी एक विस्मयकारक गोष्ट दाखविली. एकतृतीयांश मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्ताची श्यानता घटत जाते. नळी जितकी बारीक, तितके रक्त पातळ! याचे कारण काशीच्या नावाड्याला पटण्यासारखे आहे. तांबड्या पेशी भिंतीपासून दूर, मधल्या वेगवान धारेत जमतात आणि भिंतीलगत पेशीविरहित रक्तद्रवाचा निसरडा थर राहतो. अरुंद नळीत या थराचा वाटा मोठा असतो. त्यामुळे घर्षण कमी होते. ही सोय नसती, तर अब्जावधी केशवाहिन्यांतून रक्त ढकलणे हृदयाला फार जड गेले असते.

६. अर्धवट भरलेली पखाल

तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागाच्या आठपट असतो. अनेक केशवाहिन्यांचा व्यास याहूनही कमी, ५ ते ६ मायक्रॉन असतो. प्लीहेतील काही फटी तर केवळ एका मायक्रॉनच्या आसपास रुंद असतात. स्वतःपेक्षा अरुंद वाटेतून ही पेशी जाते कशी?

उत्तर तिच्या आकारात आहे. ती चेंडूसारखी गोल नसून दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेल्या चकतीसारखी असते. तिचे आकारमान सुमारे ९० घन मायक्रॉन असते. एवढे आकारमान सामावणाऱ्या गोलाला सुमारे ९७ चौरस मायक्रॉन पृष्ठभाग पुरला असता. पेशीजवळ तो सुमारे १३५ ते १४० असतो. म्हणजे तिचे आवरण गरजेपेक्षा शेकडा ४० ने मोठे आहे. पाण्याने गच्च भरलेली पखाल वाकत नाही, पण अर्धवट भरलेली पखाल हवी तशी दुमडता येते. तांबडी पेशी ही अशीच सैल पखाल होय. तिच्यात केंद्रकही नसते. आत हिमोग्लोबिनाचा दाट परंतु प्रवाही द्राव असतो. म्हणून ती घंटेसारखा किंवा बंदुकीच्या गोळीसारखा आकार घेऊन केशवाहिनीतून सरकते व बाहेर पडताच पुन्हा चकती बनते. जोरदार प्रवाहात तर तिचे आवरण रणगाड्याच्या पट्ट्याप्रमाणे तिच्याभोवती फिरत राहते.

सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती हा प्रवास अगणित वेळा करते. वार्धक्यात तिचा लवचिकपणा घटतो. मग प्लीहेच्या अरुंद फटीतून ती पार होत नाही आणि तेथेच तिचा शेवट होतो. हिवतापाच्या जंतूंनी ग्रासलेली पेशीही ताठर बनते व तिच्या प्रवाहात अडथळे येतात.

७. एका सेकंदाची शर्यत

सैल आवरण आणि प्रवाही अंतर्भाग या दोन गोष्टींवर पेशीचे वाहणे अवलंबून आहे. अंतर्भागच घट्ट झाला तर काय होते, याचे दुःखद उदाहरण म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रोग.

शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. प्राणवायू कमी पडला की पेशी असा आकार घेतात, हे १९२७ मध्ये हान व गिलेस्पी यांनी दाखविले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली सिद्ध केले की दोष हिमोग्लोबिनाच्या रेणूतच आहे. व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये तो दोष नेमका हुडकला : एका साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आलेले असते. एवढ्याशा बदलामुळे, प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांस चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात आणि पेशीतील द्रावाची गोठलेली लापशी होते. सैल पखालीत जणू काठ्या भरल्या जातात.

येथे राइनर यांचे दोन काळ पुन्हा आठवावे लागतात. प्राणवायू सोडताक्षणीच तंतू बनत नाहीत. प्रथम काही रेणूंनी एकत्र येऊन तंतूचा आरंभ करावा लागतो. त्यात काही अवधी जातो. हॉफ्रिक्टर, रॉस व ईटन यांनी १९७४ मध्ये हा विलंबाचा काळ मोजला. तो पेशीपरत्वे सेकंदाच्या अंशापासून कित्येक मिनिटांपर्यंत असू शकतो. दुसरा काळ म्हणजे केशवाहिनी ओलांडण्याचा. तो सुमारे एक सेकंद असतो. विलंबाचा काळ अधिक असेल, तर पेशी मोकळ्या वाहिनीत, व पुढे फुप्फुसात जाऊन प्राणवायू घेते आणि धोका टळतो. विलंबाचा काळ कमी पडला, तर पेशी अरुंद वाटेतच ताठ होऊन अडकते. मागून येणाऱ्या पेशी तिच्यामागे खोळंबतात; खोळंबल्यामुळे त्यांचाही प्राणवायू संपतो व त्याही ताठ होतात. त्या भागातील ऊतकाला रक्त मिळेनासे होते आणि कळा सुरू होतात.

या संशोधकांना असेही आढळले की, पेशीतील हिमोग्लोबिनाची दाटी किंचित वाढली तरी विलंबाचा काळ झपाट्याने घटतो. हा संबंध सुमारे तिसाव्या घाताइतका तीव्र आहे. प्वाझय यांचा चौथा घात येथे सौम्य वाटू लागतो. दाटी शेकडा ५ ने वाढली, तर या हिशोबाने विलंब जवळजवळ एकचतुर्थांशावर येतो. शरीरातील पाणी घटले की पेशीतील पाणीही घटते व दाटी वाढते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, उन्हातील अतिश्रम टाळावेत आणि ज्वर किंवा जुलाब अंगावर काढू नयेत, असे वैद्य सांगतात. थंडीपासूनही त्याने जपले पाहिजे, कारण थंडीने वाहिन्या आकसतात, प्रवाह मंदावतो आणि अरुंद वाटेतील काळ लांबतो. ‘पाणी पीत जा, गार पाण्यात डुंबू नकोस’ हा साधा उपदेश या दोन काळांच्या गणितावर उभा आहे.

८. महाराष्ट्रातील प्रश्न

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली नोंदला गेला. त्या वर्षी लेहमन व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत त्याचे अस्तित्व दाखविले. मध्य भारतातील आढळाविषयी शुक्ल व सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ मध्ये आला. महाराष्ट्रात पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारकडे, हा दोष पुष्कळ आढळतो.

तो काही प्रदेशांतच का टिकला, याचेही उत्तर मिळाले आहे. मातापित्यांपैकी एकाकडूनच दोष आलेला माणूस वाहक असतो. तो सामान्यतः निरोगी असतो आणि त्याला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत हे दाखविले. म्हणून जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा जोर होता, तेथे हा गुण टिकून राहिला. तो कोणत्याही जातीचा वा कुळाचा कलंक नाही; हिवतापाशी दिलेल्या प्रदीर्घ झुंजीची ती खूण आहे.

माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रोगाची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि दोषमुक्त असण्याची चारात एक असते. विवाहापूर्वी रक्त तपासून घेण्याचे महत्त्व यातच आहे. द्रावणातील गढूळपणावरून होणारी प्राथमिक चाचणी सोपी व स्वस्त आहे. तिच्यात दोष दिसल्यास हिमोग्लोबिनाचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीने वाहक कोण व रुग्ण कोण, हे निश्चित करतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे.

उपचारांचा मार्गही प्रवाहविज्ञानाशी सुसंगत आहे. नवजात अर्भकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळ असते. ते तंतूंत सामील होत नाही. म्हणूनच पहिले काही महिने बाळाला त्रास होत नाही. याकडे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच लक्ष वेधले होते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने हे गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा वाढते, विलंबाचा काळ लांबतो आणि कळांचे झटके कमी होतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणात हे सिद्ध झाले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-उपचारही हेच हिमोग्लोबिन वाढवितो, मात्र तो अतिशय खर्चिक आहे. औषध कोणतेही असो, त्याचे कार्य एकच : पेशीला ती अरुंद वाट ओलांडण्यापुरता वेळ मिळवून देणे.

बळ आणि वेळ यांचा हिशोब चुकला की दगडी घाटही खचतो. तोच हिशोब जुळला की स्वतःहून अरुंद वाटेतून तांबडी पेशी दिवसामागून दिवस सुखरूप पार होते. निसर्गाने हा हिशोब ज्यांच्या बाबतीत कठीण केला आहे, अशा मुलांना वेळीच झालेली तपासणी, नियमित औषध आणि शाळेच्या पिशवीतील पाण्याची भरलेली बाटली यांचा मोठा आधार असतो.

विचारासाठी प्रश्न

१. एका वाहिनीची त्रिज्या मूळ त्रिज्येच्या नऊ-दशांश झाली. दाब तोच असेल, तर प्रवाह मूळच्या शेकडा किती राहील?

२. विरजलेले दही, मध, तिंबलेली कणीक आणि गोडेतेल यांपैकी न्यूटनी द्रव कोणते? आपले उत्तर साध्या प्रयोगाने कसे पडताळून पाहाल?

३. तांबडी पेशी चेंडूसारखी गोल असती, तर प्लीहेत तिचे काय झाले असते?

४. सिकलसेल असलेल्या वर्गमित्राला खेळाच्या तासाला वारंवार पाणी पिण्याची मुभा का दिली पाहिजे? ‘विलंबाचा काळ’ ही कल्पना वापरून उत्तर लिहा.